दिवसाचा हिशेब

सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करावी आणि रात्री झालेली कामे खोडावीत, या सवयीचा अलीकडे मोठा गवगवा आहे. सवय जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात चोवीस तासांचा तक्ता दिला असून, तो पाळणे आपल्याला फारसे साधले नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांना हा नियमितपणा साधला होता. मात्र यादीत काय घालावे यापेक्षा तिच्यातून काय वगळावे, हा अधिक कठीण निर्णयही त्यांनी घेतला होता.

1858 साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. शंभरावर मैलांची पायपीट फुकट गेली. पुढे मुंबईत 1884 साली गणित घेऊन तो पदवीधर झाला. भल्या पहाटेपासून शिकवण्या, मग शाळा, पुन्हा शिकवण्या, असा दिवस तुकड्यातुकड्यांनी विकून त्याने संसार चालविला. मिळकतीचा ठरावीक अंश मुरूड फंडासाठी बाजूला पडे, तोही खर्चाच्या आधी.

1891 साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी त्यांनी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, 1900 मध्ये तो हिंगण्यास गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे सुमारे चार मैल चिखलवाट तुडवीत आश्रमात जात व तेथे मुलींना शिकवीत. सुट्ट्या वर्गणी गोळा करण्यात जात.

इतकी कामे एका माणसाकडून कशी झाली? अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी सोडून दिलेल्या दुसऱ्या गोष्टीवरून मोजतात. कर्व्यांनी स्वतः पुनर्विवाह केला होता. त्या चळवळीची मंडळीही त्यांनीच उभी केली होती. तरीही आश्रमाच्या कार्यात पुनर्विवाह त्यांनी येऊ दिला नाही. तो आला असता तर सनातनी घरांतून एकही मुलगी शिकावयास आली नसती. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरविले. हा आरोप अगदीच निराधार नव्हता. पण हाती असलेला वेळ व पैसा पाहता दोन्ही आघाड्या एकाच संस्थेने लढविणे अशक्य होते, हे गणिताच्या प्राध्यापकाला ठाऊक होते.

या हिशेबाची दुसरी बाजू घरात होती. स्वतःच्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसी कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली. गोदूबाईंना, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बायांना, ते मुळीच पटले नाही. चार मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी संसाराला हातभार लावला, आश्रमासाठीही पैसे जमविले. ‘माझे पुराण’ या आत्मकथेत त्यांनी या ओढाताणीविषयी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. कर्व्यांचा दिवस मोकळा राहिला, कारण बायांचा दिवस भरलेला होता. चरित्रकार या गोष्टीला सहसा दोन ओळीच देतात.

1914 मध्ये निवृत्ती, 1916 मध्ये महिला विद्यापीठ, 1920 मध्ये ठाकरसींचे पंधरा लाखांचे दान. येथे कोणीही थांबला असता. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापले आणि पुण्यात दारोदार फिरून ते वर्गणी मागू लागले. 1944 मध्ये समता संघ निघाला. 1958 मध्ये शंभरी गाठली आणि ‘भारतरत्न’ लाभले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले. बाया त्यांच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या नावाचे विद्यापीठ कोठेही नाही.