नदीतून पाईप न्यायचा होता आणि पाऊस सुरू झाला : विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या कामाची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून निघालेली एक पाईपलाईन थेट बेंगळुरूला जाते. लांबी सुमारे १,००० किलोमीटर. २०१३ साली ती सुरू झाली आणि तिच्यातून गॅस वाहतो. वाटेत सह्याद्री आहे, नद्या आहेत, ओढे आहेत. अशा पाईपलाईनला नदी आडवी आली की सहसा पात्राच्या खालून वाट काढतात. एकदा पाईप खाली गेला की वर पूर येवो नाहीतर पात्र कोरडं पडो, त्याचा एकही जॉईंट सुटून चालत नाही.

आज हे काम मोठमोठी यंत्रं करतात. पण साधारण १४० वर्षांपूर्वी, यातलं कुठलंही यंत्र हाताशी नसताना, खानदेशातल्या एका गावात पाण्याच्या आडवा पाईप टाकायचं काम एका नवख्या इंजिनिअरच्या अंगावर पडलं होतं. नोकरी नवी, भाग नवा आणि त्यात पाऊस सुरू झालेला.

तो तरुण होता मूळचा बेंगळुरूकडचाच. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हो, तेच. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण सगळे अभियंता दिनाचे स्टेटस ठेवतो.

पुण्यात शिकलेला कानडी मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. शाळेत असतानाच वडील गेले. पुढे बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बीए पूर्ण केलं.

इथून त्यांची गाडी महाराष्ट्राकडे वळली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच हे कॉलेज. १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या नंबरामुळे नोकरीही लगेच मिळाली. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर झाले.

वय होतं विशीतलं. सुरुवातीच्या कामांपैकी एक निघालं धुळ्याकडे, पांझरा नदीच्या काठी. गाव दातर्ती, तालुका साक्री.

दातर्तीत नेमकं करायचं काय होतं?

पांझरेचं खोरं शेतीच्या पाण्यासाठी जुनं नावाजलेलं. नदीवर लहान बंधारे बांधायचे, पाटाने पाणी काढायचं आणि गावाने मिळून ते शेतांना वाटायचं, ही इथली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी ती कित्येक पिढ्या चालत आली.

पण पाटाच्या पाण्याची एक अडचण असते. ते उताराने वाहतं. मध्येच नदीचा फाटा किंवा ओढा आला की पाट तिथेच थांबतो. पलीकडे जायचे दोन मार्ग. वरून पूल बांधून पाणी न्यायचं किंवा पाईपमधून खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर काढायचं. या दुसऱ्या प्रकाराला इंजिनिअर लोक सायफन म्हणतात. दातर्तीला पाईपचा असा सायफन उभा करायचा होता.

पाणी खाली जाऊन परत वर कसं चढतं? घरी करून बघा. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी धरा आणि एका बाजूने पाणी ओता. दुसऱ्या बाजूला पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत चढेल. पलीकडचं तोंड थोडं खाली ठेवलं की पाणी तिथून वाहायला लागेल. पंप नको, मोटर नको. फक्त अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा जास्त हवी.

तत्त्व शाळेतलं आहे. खरी परीक्षा असते जॉईंटची.

पाण्याखालचा जॉईंट एवढा अवघड का?

पाईप जितका खाली उतरतो, तितका आतल्या पाण्याचा दाब वाढतो. १० मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा दाब येतो. म्हणजे सायफनचा सगळ्यात खालचा भाग सगळ्यात जास्त ताण सोसतो आणि नेमका तोच भाग आपल्या नजरेआड असतो.

त्या काळात ओतीव लोखंडाचे पाईप जोडायची एक पद्धत सर्रास वापरात होती. प्रत्येक पाईपचं एक टोक साधं, दुसरं टोक घंटेसारखं रुंद. एकाचं साधं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचं. मधल्या फटीत तागाची दोरी ठासून भरायची. उरलेल्या जागेत वितळवलेलं शिसं ओतायचं. शिसं थंड झालं की थोडं आकसतं, म्हणून छिन्नी-हातोड्याने ठोकून ते पुन्हा घट्ट बसवायचं. दोरी शिशाला आत जाऊ देत नाही आणि शिसं पाण्याला बाहेर येऊ देत नाही. शिसं मऊ असल्यामुळे पाईप किंचित हलला तरी जॉईंट लगेच फुटत नाही.

आता या पद्धतीची मेख बघा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. जॉईंटमध्ये ओल असेल तर उकळतं शिसं पडताच तिची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून बाहेर उडतं. ओतणाऱ्याच्या हातातोंडावर ते येऊ शकतं आणि आत पोकळी राहते ती वेगळीच. म्हणजे जो जॉईंट पुढे कायम पाण्यात राहणार, तो जोडताना मात्र कोरडाच हवा.

त्यासाठी आधी प्रवाह वळवावा लागतो, खड्ड्यातलं पाणी उपसावं लागतं, पाईपखालची जमीन पक्की करावी लागते. जमीन खचली की पाईप वाकतो, जॉईंट उघडतो आणि गळती सुरू होते. गळणारं पाणी आजूबाजूची माती धुऊन नेतं, त्यामुळे पाईप आणखी खचतो. एका बोटाएवढ्या फटीने सुरू झालेलं प्रकरण अख्खी लाईन बंद पाडू शकतं.

आणखी एक गंमत. अर्धा मीटर व्यासाचा रिकामा पाईप दर मीटर लांबीला सुमारे २०० किलो पाणी बाजूला सारतो. तेवढ्याच जोराने पाणी त्याला वर ढकलतं. पाईपचं वजन त्याहून कमी असेल, तर पुराचं पाणी भरलेल्या खड्ड्यात तो चक्क तरंगतो.

मग पाऊस आला

हे सगळं डोक्यात ठेवून दातर्तीकडे बघा. पावसामुळे कामात अडथळे येऊ लागले. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठ इंजिनिअरला कळवलं की पावसाळा संपेपर्यंत काम थांबवायला परवानगी द्यावी.

वरच्या साहेबांना ते रुचलं नाही. पोरगं नवीन आहे आणि कामाची टाळाटाळ करतंय, असा त्यांनी अर्थ लावला. ब्रिटिश काळातलं सरकारी खातं, अधिकारी बहुतेक गोरे आणि त्यात एक नवशिका भारतीय असिस्टंट इंजिनिअर. सुरुवातीलाच साहेबाची नाराजी म्हणजे पुढच्या सगळ्या नोकरीवर डाग.

विश्वेश्वरय्यांपुढे दोन वाटा होत्या. आपलंच बरोबर म्हणून वाद घालायचा किंवा भर पावसात काम करून दाखवायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. नदीला पूर आला, अडचणी आल्या, पण ते जागेवरून हलले नाहीत. सायफन पूर्ण झाला आणि वरिष्ठांचं मतही बदललं.

गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती नुसती जिद्दीची गोष्ट होईल. पण पाऊस संपेपर्यंत थांबू, हे त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नव्हतं. नदीतलं काम उन्हाळ्यात उरकावं, हे आजही कोकणातला साधा साकव बांधणारा गवंडी सांगेल. कुठे थांबावं हे त्यांना कळत होतं आणि थांबता येत नाही म्हटल्यावर काम कसं निभवायचं हेही. पुढच्या आयुष्यात हे दोन्ही गुण त्यांच्या कामी आले.

सक्कर : नदीलाच फिल्टर बनवलं

दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं. पाणी भरपूर, पण गढूळ. गाळण्यासाठी मोठी यंत्रणा उभारायची तर नगरपालिकेकडे पैसे नाहीत.

विश्वेश्वरय्यांनी काठाजवळ विहीर खोदली आणि तिथून नदीच्या पात्राखाली बोगदा काढला. वरच्या वाळूतून झिरपत आलेलं पाणी बोगद्यात यायचं तेच गाळलेलं. तिथून ते पंपाने उंचावरच्या टाकीत चढवायचं. नदीतली वाळू म्हणजे फुकटचा फिल्टर. १८९५ मध्ये ही योजना पूर्ण झाली.

दातर्तीला पाणी पाईपच्या आत कोंडायचं होतं. सक्करला तेच पाणी जमिनीतून हवं तेवढं झिरपू द्यायचं होतं. काम उलटं, अभ्यास एकच : पाणी कुठून वाट काढतं?

खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

नंतर ते पुण्यात आले. खडकवासल्याचं धरण तेव्हा फाईफ लेक म्हणून ओळखलं जायचं. पावसाळ्यात जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. पाणी अडवावं तर पुरात धरणाला धोका आणि सोडावं तर उन्हाळ्यात टंचाई.

विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघड-बंद होणारे लोखंडी दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडायचे, पातळी उतरली की बंद व्हायचे. मध्यरात्री पूर आला तरी माणसाने धावत जायची गरज नव्हती. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी ८ फूट वर ठेवता आली. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. असेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणाला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरला बसवले गेले.

याच काळात नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ त्यांनी मांडली. १९०६ मध्ये एडनला जाऊन तिथल्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची योजना आखली. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याची नोकरी सोडली, तेव्हा वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

हैदराबाद, म्हैसूर आणि शंभरीपर्यंतचा प्रवास

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुराने हैदराबादमध्ये हजारो बळी घेतले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधून पूर तिथेच अडवायचा, ही त्यांची योजना. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. १९११ मध्ये कृष्णराजसागरचं काम सुरू झालं. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी पार केल्यावर, बेंगळुरूत त्यांचं निधन झालं. नागपूरच्या व्हीएनआयटीमधला ‘व्ही’ त्यांचाच.

आज पाण्याखाली पाईप कसे जोडतात?

शिशाचे जॉईंट नव्या कामांतून जवळपास गेले. लोखंडी पाईपच्या रुंद तोंडात आता रबरी रिंग असते. दुसरा पाईप आत ढकलला की रिंग दाबली जाते आणि पाणी अडतं. स्टीलच्या पाईपना वेल्डिंग होतं. त्याची एक्स-रे किंवा अल्ट्रासाऊंडने तपासणी होते आणि गंज लागू नये म्हणून वरून थर चढवतात. एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या पाईपची टोकं २०० अंशांच्या पुढे तापवून एकमेकांवर दाबतात. दोन्ही टोकं वितळून एकजीव होतात. खाडीत किंवा समुद्रात असा पाईप काठावरच जोडतात, त्याला काँक्रीटची वजनं बांधतात, पाण्यावर तरंगवत नेतात आणि मग आत पाणी भरून तळाशी बसवतात.

यातली बहुतेक कामं पाण्याबाहेर, कोरड्यातच होतात, हे लक्षात आलं का? टोकं स्वच्छ हवीत, कोरडी हवीत आणि पाईप झाकण्याआधी पाणी भरून दाबाची चाचणी हवी. घरचा पीव्हीसी पाईप ओला असतानाच सोल्युशन लावून जोडला की दोन दिवसांत गळायला लागतो, त्याचं कारणही हेच.

साहित्य बदललं, नियम तोच राहिला. पाण्याखाली जाणाऱ्या जॉईंटला दुसरी संधी नसते. जे काही नीट करायचं ते तो झाकण्याआधी. विशीतल्या विश्वेश्वरय्यांनी पावसाळा टळावा म्हणून परवानगी का मागितली असेल, ते त्यावरून कळतं. आणि ती मिळाली नाही तेव्हा ते जागा का सोडत नव्हते, तेही.