जुन्या वस्त्यांचा धन्वंतरी : पॅट्रिक गेडिस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिनबरोचे जुने शहर पार खंगले होते. धनिक कधीच नव्या नगरात निघून गेले होते. मागे राहिलेल्या उंच, कोंदट इमारतींत गरिबांची दाटी झाली होती. अशा वस्त्या जमीनदोस्त करणे हाच तेव्हाचा सर्वमान्य उपाय. पॅट्रिक गेडिस यांनी मात्र १८८६ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी ॲना यांच्यासह तेथील जेम्स कोर्टातच बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन सफाई केली, भिंतींना चुना फासला. पुढे अनेक मोडकळीस आलेल्या इमारती त्यांनी दुरुस्त करवून घेतल्या.

१८५४ मध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, थॉमस हक्सले यांचे विद्यार्थी. मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शक दुरावला. मग तीच अभ्यासू नजर शहराकडे वळली. रोगट तेवढेच कापावे, उरलेले जगवावे, अशी त्यांची शस्त्रक्रिया होती.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचना प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी ते पुन्हा उभे केले. येथील नगरपालिकांना सरळ, रुंद रस्त्यांचा सोस होता. गेडिस गल्लीबोळ पायी पालथे घालत आणि एखादे पडके घर हटवून, चौक मोकळा करून भागते, हे आकडेमोडीने दाखवत. तंजावरला त्यांची योजना अभियंत्यांच्या आराखड्याच्या अल्पांश खर्चाची होती.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीत मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि ती सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल, असे जाहीर केले. शहर झाडूनपुसून सज्ज झाले. मिरवणुकीत उंदराची प्रतिमाही होती. नगररचनेच्या इतिहासात इतका लोकाभिमुख प्रयोग विरळाच.

१९१७ मध्ये मुलगा अलास्डेअर युद्धात पडला, त्याच वर्षी ॲना हिंदुस्थानातच निवर्तल्या. तरीही काम थांबले नाही. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. त्यांचे लेखन क्लिष्ट, अहवाल मात्र वाचनीय. त्यांतले बरेचसे कागदावरच राहिले.

१९२४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि एप्रिल १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. एडिनबरोचे जुने आणि नवे शहर १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले.