नोटेवरचा पट्टीचा पोहणारा

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे परकीय चलनाचे टेबल होते. अजिंठा-वेरूळ पाहायला आलेले परदेशी पाहुणे आपल्या गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉलर बदलून घ्यायला यायचे. शंभराची नोट हाती आली की ती उजेडापुढे धरायची, कागद चाचपायचा, नंबर लिहून घ्यायचा. नोटेवरचा तो कपाळावर टक्कल आणि मानेवर केस रुळणारा म्हातारा रोज भेटायचा. बेंजामिन फ्रँकलिन. शाळेच्या पुस्तकात विजेच्या कडकडाटात पतंग उडवणारा शास्त्रज्ञ तो हाच, एवढीच आमची ओळख.

ती वाढायला निमित्त झाला माझा नातू. मागच्या महिन्यात त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. एक पोरगी दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवून, मत्स्यकन्येसारखी कमरेतून लहरत, एका श्वासात समुद्राच्या खोल तळाकडे चालली होती. त्या पात्याला मोनोफिन म्हणतात. नातवाला ते हवे होते. पोहायला शिकून त्याला जेमतेम दोन उन्हाळे झालेले! विकत घेण्यापूर्वी माहिती काढावी, ही बँकेची जुनी खोड. ती काढता काढता पायाला पंख लावणाऱ्यांच्या वंशावळीत फार मागे गेलो आणि तिथे नोटेवरचा म्हातारा भेटला. मात्र तिथे तो म्हातारा नव्हता, बोस्टनच्या तळ्यात डुंबणारे पोर होता.

बेंजामिनचा जन्म 17 जानेवारी 1706 चा. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण करीत. दोन बायकांची मिळून सतरा मुले, त्यात बेंजामिन पंधरावा. या घराला पाण्याने एक चटका आधीच दिला होता. बेंजामिनच्या जन्मापूर्वी तीन वर्षे, 1703 मध्ये, एबेनेझर नावाचा सोळा महिन्यांचा भाऊ साबणाच्या पाण्याच्या टबात बुडून गेला होता. आणखी एक थोरला भाऊ घर सोडून दर्यावर गेला. बेंजामिनलाही समुद्रच खुणावत होता, पण वडिलांनी सक्त नकार दिला. मग पोराने समुद्राची भूक तळ्यावर भागवली. तो लवकर पोहायला शिकला, होडी हाकायला शिकला, आणि कुठलीही गोष्ट आहे तशी न स्वीकारण्याचा स्वभाव असल्याने वेगात कसे पोहता येईल याच्या मागे लागला.

त्याने दोन लंबगोल फळ्या केल्या. प्रत्येकी दहा इंच लांब, सहा इंच रुंद, चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या, अंगठा अडकवायला भोक असलेल्या. त्या तळहातात धरायच्या, कड पुढे करून हात लांबवायचा आणि सपाट बाजूने पाणी मागे लोटायचे. वेग खरोखरच वाढला. पण थोड्याच वेळात मनगटे भरून येऊ लागली. मग त्याने तळपायांना चपलांसारखे काही बांधून पाहिले. तेही त्याला पटले नाही. पाय मारताना पाणी नुसत्या तळपायाने लोटले जात नाही, पायाची आतली बाजू आणि घोटेही त्यात काम करतात, हे त्याच्या ध्यानात आले. चप्पल तळपायालाच बांधलेली, घोट्याच्या कामाचा तिच्यात विचारच नव्हता.

माझ्या मते त्या मुलाचे खरे शहाणपण इथे आहे. आपण केलेली वस्तू टाकून देणे मोठ्यांनाही जमत नाही. याने ती वापरली, शरीर काय सांगते ते ऐकले, दोष नेमका कुठे आहे ते ओळखले आणि बाजूला ठेवली. पुढे 1933 मध्ये लुई द कॉर्लियू या फ्रेंच माणसाने रबरी पंखांचे पेटंट घेतले. 1970 च्या दशकात पंख लावून पोहण्याच्या शर्यतींत मोनोफिन आले आणि तेथून ते खोल बुडी मारणाऱ्यांकडे गेले. या पात्यात दोन्ही पाय एक होतात आणि जोर छाती-कमरेतून लहरीसारखा पायापर्यंत जातो. तरी निवडीची कसोटी त्या पोराचीच. पायाचा कप्पा घट्ट हवा, पण बोटांना मुंग्या येता कामा नयेत. सुरुवातीला पाते मऊ हवे, कारण कडक पात्याचा हिसका घोट्याला आणि कमरेला बसतो. आणि ते जपायचे कसे? वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे, त्यावर ओझे ठेवू नये, वाकलेल्या स्थितीत ठेवू नये. आपल्याकडे तबला-तंबोऱ्याची ठेव अशीच राखतात.

फळ्या सोडल्या तरी बेंजामिनची खटपट संपली नाही. एकदा तळ्याकाठी पतंग उडवत असताना त्याला पोहायची लहर आली. त्याने कपडे मित्राकडे देऊन त्याला पलीकडच्या काठावर पाठवले आणि स्वतः पतंगाची काठी धरून पाण्यात उताणा पडला. पतंगाने त्याला मैलभर रुंदीचे तळे अलगद पार करून दिले!

बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार लागला. भावाशी पटेना, म्हणून 1723 मध्ये पळून फिलाडेल्फियाला गेला. पुढच्या वर्षी लंडनला पोचला आणि तिथल्या छापखान्यात कामाला लागला. बाकीचे कामगार दिवसभर बिअर पीत, हा नुसते पाणी पिई. त्यामुळे सगळे त्याला पाणीवाला अमेरिकन म्हणत. पण खिळ्यांचे जड साचे दोन हातांत दोन घेऊन जिना चढणारा तोच एक. सतराव्या शतकातल्या तेवनो या फ्रेंच लेखकाचे पोहण्याच्या कलेवरचे पुस्तक त्याने वाचले होते, त्यातले सारे प्रकार करून पाहिले होते आणि काही स्वतःचे घातले होते.

एके दिवशी मित्रांबरोबर नावेतून परतताना चेल्सीजवळ त्याने कपडे उतरवले आणि टेम्समध्ये उडी घेतली. तेथून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत, सुमारे साडेतीन मैल, पाण्यावर आणि पाण्याखाली करामती करीत तो पोहला. दोघा मित्रांना त्याने दोन खेपांत पोहायला शिकवले. ही कीर्ती सर विल्यम विंडहॅम या बड्या असामीच्या कानी गेली. त्यांचे दोन मुलगे प्रवासाला निघणार होते. त्यांना पोहायला शिकव, चांगले पैसे देतो, असा निरोप आला. पण तोवर परतीचे ठरले होते. लंडनला राहून पोहण्याची शाळा काढली असती तर चांगली कमाई झाली असती, असे त्याला तेव्हा वाटून गेले. 1726 च्या जुलैत जहाज निघाले. जगाने एक पोहण्याचा मास्तर गमावला आणि अमेरिकेला तिचा एक शिल्पकार मिळाला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. छापखाना, वर्तमानपत्र, वाचनालय. कागदी चलनही त्याने छापले. नकली नोटा ओळखता याव्यात म्हणून नोटेवर झाडाच्या पानाच्या शिरांचा ठसा उमटवण्याची युक्ती त्याचीच. हे वाचून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याने मनोमन हात जोडले. 1752 मध्ये पुन्हा पतंग हाती आला, या वेळी वीज पकडायला, आणि सोबत होता मुलगा विल्यम.

पाणी मात्र सुटले नाही. 1749 मध्ये मुलांच्या शिक्षणाची योजना मांडताना त्याने पोहणे त्यात घातले. पुढे एका परिचित गृहस्थाला वाटत होते की आपले शिकायचे वय गेले. त्याला त्याने पत्रातून कृती कळवली. उतरत्या तळाच्या जागी छातीभर पाण्यात जा, काठाकडे तोंड करा आणि समोर एक अंडे टाका. ते तळाशी दिसेल. आता उघड्या डोळ्यांनी बुडी मारून ते आणा. आणायला जाल तेव्हा कळेल की पाणी आपल्याला वर ढकलते, खाली जायलाच जोर लागतो. काठाकडे तोंड असल्याने पाय टेकून केव्हाही उभे राहता येते. भीती घालवायला इतका स्वस्त उपाय दुसरा मला ठाऊक नाही.

या शहाण्या माणसाला एक गोष्ट मात्र साधली नाही. स्वातंत्र्ययुद्धात विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, कैदेत पडला, शेवटी इंग्लंडला गेला. त्याने समेटाचे पत्र लिहिले, बापाचे उत्तर थंड होते. जुलै 1785 मध्ये फ्रान्समधली वकिली संपवून फ्रँकलिन मायदेशी निघाला, तेव्हा साउथॅम्प्टनला बापलेक भेटले. भेट कसली, हिशेब होता! विल्यमच्या अमेरिकेतल्या जमिनी त्याच्याच मुलाच्या, टेंपलच्या, नावे झाल्या आणि बापाचे जुने येणे त्यात वळते झाले. मी असे कितीतरी व्यवहार टेबलापलीकडून पाहिले आहेत. खाते मिटते, सही होते, आणि दोन माणसे एकमेकांकडे न बघता उठतात. हे दोघे पुन्हा कधी भेटले नाहीत.

त्याच मुक्कामातली आणखी एक नोंद आहे. एकोणऐंशी वर्षांचा, संधिवात आणि मुतखड्याने गांजलेला फ्रँकलिन तिथल्या गरम खाऱ्या पाण्याच्या हमामात गेला. पाण्यावर उताणा पडला आणि त्याला झोप लागली. घड्याळात पाहिले तर जवळजवळ तासभर तो तसाच तरंगत होता, बुडाला नाही की कुशीवर वळला नाही. हाताला फळी नाही, पायाला पंख नाही. ज्या घरात एक मूल टबात बुडाले, त्या घरातला मुलगा पाण्यावर असा विसावला. मुलाच्या बाबतीत धरलेले सोडता आले नाही, पाण्याने मात्र त्याला सोडायला शिकवले होते. 17 एप्रिल 1790 रोजी तो गेला. 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात त्याचे नाव लागले.

मी स्वतः विहिरीत शिकलो, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. काकांनी एके दिवशी न सांगता तो सोडून घेतला तेव्हा मी रडलो होतो. आपल्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात विहिरीत, शेततळ्यात पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यांतल्या कित्येकांना कुणी भोपळासुद्धा बांधलेला नसतो.

नातवाला मी नाही म्हटलेले नाही. मोनोफिन घेऊ, पण शिकवणारा माणूस पाहून, आणि एकट्याने श्वास रोखून बुडी मारायची नाही, या अटीवर. त्याआधी एक परीक्षा ठेवली आहे. येत्या रविवारी तलावावर छातीभर पाण्यात मी जवळ उभा राहीन आणि तो तळावरून वस्तू आणेल. तलावाचे रखवालदार अंडे टाकू देतील असे वाटत नाही, म्हणून घरातला स्टीलचा चमचा घेतला आहे. त्याच्या आजीला अजून सांगितलेले नाही.