साखळ्या कोणी काढल्या? डॉ. पिनेल आणि वॉर्डातला त्यांचा माणूस

मानसोपचाराच्या इतिहासात एक चित्र फार गाजलेलं आहे. पॅरिसच्या इस्पितळाच्या आवारात एका बाईच्या अंगावरच्या साखळ्या काढल्या जात आहेत आणि शेजारी एक डॉक्टर उभे आहेत. हे डॉक्टर म्हणजे फिलिप पिनेल. चित्र १८७६ सालचं, म्हणजे पिनेल वारल्यानंतर पन्नास वर्षांनी काढलेलं. त्यामुळे श्रेय एकट्या डॉक्टरांना गेलं. खरी हकीकत थोडी वेगळी आहे.

पिनेल यांचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात झाला. १७७३ मध्ये तुलूझ इथे ते डॉक्टर झाले. १७७८ मध्ये पॅरिसला आले, पण तिथल्या वैद्यक विद्यापीठानं बाहेरगावची पदवी मानली नाही. मग गणिताच्या शिकवण्या घेणं, वैद्यकीय पुस्तकांची भाषांतरं करणं, असं करून त्यांनी पोट भरलं. याच काळात त्यांचा एक मित्र मानसिक आजारात गेला. तेव्हापासून ते या विषयाकडे वळले आणि एका खासगी आश्रमात काम करू लागले.

१७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्यांची बिसेत्र इथल्या सरकारी इस्पितळात नेमणूक झाली. इस्पितळ कसलं, तो कोंडवाडाच होता. म्हातारे, भिकारी, गुन्हेगार आणि मनोरुग्ण सगळे एकाच आवारात. काही रुग्ण वर्षानुवर्षं साखळीला बांधलेले.

पण मनोरुग्णांच्या वॉर्डात पिनेल यांना एक वेगळाच माणूस भेटला. जां-बाप्तिस्त प्युसां. शिक्षण बेताचं, मूळ धंदा कातडी कमावण्याचा. स्वतः गंडमाळांच्या आजारासाठी याच इस्पितळात रुग्ण म्हणून आलेले, बरे झाल्यावर तिथेच कामाला राहिलेले आणि पुढे वॉर्डाचे प्रमुख झालेले. त्यांच्या पत्नी मार्गरीत याही सोबत काम करायच्या.

प्युसां यांचा नियम साधा होता. रुग्णानं हात उगारला तरी सेवकानं त्याला मारायचं नाही. जो मारेल त्याला कामावरून काढायचं. आणि नवे सेवक शक्यतो बरे झालेल्या रुग्णांमधूनच घ्यायचे, कारण जे भोगलंय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पिनेल पदवीधर डॉक्टर, प्युसां वॉर्डातले कर्मचारी. तरीही पिनेल त्यांच्याकडून शिकले. रोज फेरी मारायची, रुग्णाशी बोलायचं, पुन्हा पुन्हा भेटून नोंदी ठेवायच्या, उगाच रक्त काढायचं नाही, ही पद्धत त्यांनी बसवली. १८०१ मध्ये मानसिक आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात प्युसां यांचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं.

१७९५ मध्ये पिनेल यांची बदली साल्पेट्रिएर या बायकांच्या मोठ्या इस्पितळात झाली. बिसेत्रमधल्या बेड्या निघाल्या त्या १७९७ मध्ये, पिनेल तिथून गेल्यावर, प्युसां यांच्या हातून. त्यांच्या जागी गरज पडेल तेव्हा जाड कापडाचा बंद अंगरखा वापरला गेला. म्हणजे बंधन पूर्ण गेलं नाही, पण लोखंड गेलं. त्यानंतर काही वर्षांतच साल्पेट्रिएरमधल्याही साखळ्या निघाल्या.

इमारत मोठी मिळाली, पद मिळालं, पण भरवशाचा माणूस नव्हता. म्हणून पिनेल यांनी सरकारकडे पाठपुरावा करून १८०२ मध्ये प्युसां यांना आपल्याकडे आणवलं. पुढच्या पावणेचार वर्षांत हजारावर रुग्ण दाखल झाले. किती बरे झाले, किती नाही, याचे तक्ते पिनेल यांनी १८०८ मध्ये मांडले. आपल्या कामाचा असा जमाखर्च मांडणारे डॉक्टर त्या काळी विरळाच.

प्युसां १८११ मध्ये वारले. १८२२ मध्ये सरकारनं वैद्यक विद्याशाखा बरखास्त केली, तेव्हा पिनेल यांचीही प्राध्यापकी गेली. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचे शिष्य एस्किरोल यांच्या प्रयत्नांतून १८३८ मध्ये कायदा आला आणि फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्याला मनोरुग्णांची सोय करणं बंधनकारक झालं.

हे सगळं सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. आपल्या देशात ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. पण रात्रपाळीला वॉर्डात पुरेशी आणि शिकवलेली माणसं नसतील, तर बांधून ठेवण्याचा मोह होणारच. आपल्या भागातली घरं पेशंटला घेऊन धारवाड, रत्नागिरी नाहीतर बांबोळी गाठतात. तिथे नवी इमारत झाली की बातमी होते. सेवकांच्या किती जागा भरल्या, त्यांना काय शिकवलं, हेही तितक्याच आवर्जून विचारायला हवं. पिनेल यांनी साल्पेट्रिएरसाठी पाठपुरावा करून मागून घेतला, तो एक माणूसच होता.