स्वामीजी आणि त्यांचे सोबती

मला स्वामी रामानंद तीर्थ फार आवडतात. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. आपल्या जिल्ह्यातल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, पण शिकवणं सोडलं नाही. पुढे बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सोबत्यांसह ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले.

तेव्हा मराठवाड्यात निजामाचे राज्य होते. १९३८ साली सत्याग्रह करून स्वामीजी तुरुंगात गेले. १९४८ साली तर ऐन लढ्यात ते पुन्हा तुरुंगातच होते. तरी लढा थांबला नाही. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि गावोगावच्या माणसांनी तो चालू ठेवला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी वारले.

हे वाचून मला माझीच लाज वाटली. मी वर्गाचा मॉनिटर. रोपांना पाणी मीच घालायचो, बादली कुणालाच देत नव्हतो. मला ताप आला अन् दोन रोपं वाळली. आता आम्ही पाच जणांनी पाळ्या लावल्यात. मी नसलो तरी पाणी पडतं. पालकांनी जाताना आमची रोपं जरूर बघावीत.