ओरोर म्हणजे आपली उषाच!

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं आणि त्या दिवसापासून आपण वेगळ्याच कुणी होतो. मैत्रिणींनो, फ्रान्समधल्या एका बाईने मात्र स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं, आणि तेही पुरुषाचं! जॉर्ज सँड म्हणून गाजलेल्या या लेखिकेचं माहेरचं नाव ओरोर द्युपँ.

ओरोर म्हणजे पहाट. रोमन लोकांच्या अरोरा या पहाटेच्या देवीवरून हे नाव आलं. अरोरा आणि वेदांतली उषा, दोन्ही शब्दांचं मूळ भाषातज्ज्ञ एकच मानतात. हे नाव तिच्या आजीचं, आणि आजीला ते तिच्या आजीवरून मिळालेलं. अगदी आपल्यासारखंच की!

जन्म १८०४चा, पॅरिसमधला. चार वर्षांची असताना वडील घोड्यावरून पडून गेले. आजी खानदानी, आई पक्षी विकणाऱ्याची मुलगी. दोघींच्या ओढाताणीत पोरीचे हाल. नोआँ गावच्या वाड्यात आजीनेच तिला वाढवलं. अठराव्या वर्षी, १८२२ साली, कासिमीर द्युदव्हाँशी लग्न झालं. नोआँची इस्टेट तिच्या वारशाची, पण कायद्याने कारभार नवऱ्याच्या हाती. घटस्फोट तर फ्रान्सने १८१६ सालीच बंद केलेला. संसार विस्कटला तेव्हा, १८३१ साली, ती पॅरिसला गेली. खर्चाला पैसे नवरा देणार, तेही तिच्याच मिळकतीतून!

तेवढ्यात भागेना. मग ती पुरुषी कोट-पँट आणि जाड बूट घालून हिंडू लागली. लोकांना चघळायला तेवढं पुरलं. पण तिचा हिशेब गृहिणीचाच होता. बायकी झगे आणि नाजूक बूट चिखलात खराब व्हायचे, शिवाय नाटकाला स्वस्तातल्या जागी पुरुषच बसायचे.

पुस्तकावर आमचं आडनाव नको, असं सासूबाईंनी बजावलं. ज्यूल सँदो या मित्राबरोबर लिहिताना त्याच्या आडनावातून सँड घेतलं होतंच. १८३२ साली एकटीने लिहिलेली ‘इंदियाना’ आली, नवऱ्याच्या जाचात अडकलेल्या बाईची कथा, आणि त्याच वर्षी जॉर्ज सँड जन्माला आली. पुढे १८३६ साली कोर्टाने नवऱ्यापासून वेगळं राहायला मान्यता दिली. नोआँ परत मिळालं.

१८६६ साली मुलाला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं ओरोर! या नातीसाठी आजीने गोष्टी लिहिल्या. आजी १८७६ साली नोआँलाच गेली, नात मात्र १९६१पर्यंत जगली.