न मागितलेला सॉर्ट आणि कॉडसाहेब

कॉन्व्हेंटवाली आहे, मराठी सांभाळून घ्या!

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला मुलांच्या गावांची यादी काढली, डिस्टिंक्ट लावून. एक्झिक्युशन प्लॅन बघते तर त्यात सॉर्ट! ऑर्डर बाय तर मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वायवा. रात्रभर क्वेरीत चूक शोधली. उत्तर सापडलं एडगर कॉड यांच्या कामात.

कॉड १९२३ साली इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावर जन्मले. ऑक्सफर्डला गणित शिकले, महायुद्धात विमानं चालवली, मग न्यूयॉर्कला आयबीएममध्ये लागले. मॅकार्थीच्या राजकारणाला वैतागून १९५३ साली कॅनडाला गेले, काही वर्षांनी परतले. पीएचडी चाळिशीनंतर, १९६५ साली!

त्या काळी डेटापर्यंत पोहोचायची वाटसुद्धा प्रोग्रामरलाच लिहावी लागे. १९७० च्या पेपरमध्ये कॉडनी रिलेशनल मॉडेल मांडलं. आपण फक्त काय हवं ते सांगायचं, वाट मशीनने शोधायची. आयबीएमचं जुनं आयएमएस जोरात चालत होतं, त्यामुळे कंपनीने लवकर मनावर घेतलं नाही. कॉड मात्र हटले नाहीत. १९८१ साली त्यांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. २००३ साली ते गेले.

मग माझी ट्यूब पेटली. डिस्टिंक्ट म्हणजे डुप्लिकेट नकोत. सॉर्ट केलं की सारख्या रो शेजारी येतात, जादाच्या गाळणं सोपं. कधी ऑप्टिमायझर त्याच कामाला हॅश वापरतो. वाट त्याची, मागणी माझीच!

तेव्हा मित्रांनो, प्लॅनमध्ये अनोळखी ऑपरेटर दिसला तर घाबरू नका. आधी आपण काय मागितलंय ते पुन्हा वाचा. मी वायवात हेच सांगितलं, आणि सुटले!